खवट तेल आणि हिरवी कॅप्सूल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

उन्हाळ्यात दाण्याचे कूट डब्यात थोडे जास्त दिवस राहिले, की झाकण उघडताच कळते. चव बघावी लागत नाही. सोलापूरच्या आमच्या घरी आई अशा डब्याला नाक लावायची आणि एकच शब्द बोलायची, 'खवट!' ते कूट मग म्हशीच्या आंबोणात जायचे. सुके खोबरे, तीळ, जवस, राहिलेली चकली, सगळ्यांची परीक्षा आईच्या नाकाने व्हायची आणि त्या निकालावर अपील नसे. पुढे मी वैद्यकीय महाविद्यालयात तीस वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले. आईच्या त्या एका शब्दात या शास्त्राचे एक अख्खे प्रकरण दडलेले आहे, हे मला तिथे गेल्यावर कळले. हा खवटपणा डब्यातून माणसाच्या शरीरात कसा शिरला आणि तिथून औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर कसा आला, ती हकीकत आज सांगायची आहे. तीत थोडा माझाही दोष आहे. तो ओघात येईलच.

माझा थोरला भाऊ, दादा, क्रिकेटवेडा. नवी बॅट आणली की तो तिला जवसाचे तेल चोळायचा आणि उन्हात ठेवायचा. चार दिवसांनी हात लावला तर तेल गायब आणि लाकडावर कडक, चकचकीत पापुद्रा. 'तेल वाळले' असे आम्ही म्हणायचो. पण तेल पाण्यासारखे वाळत नाही. पाणी उडून जाते, तेल हवेतला प्राणवायू पिऊन घट्ट होते. कूट खवट होणे आणि बॅटवरचे तेल वाळणे या एकाच घराण्यातल्या दोन क्रिया आहेत.

हे पहिल्यांदा नीट मोजले ते जिनिव्हाच्या निकोला-तेओदोर द सोस्यूर याने, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याने पाण्यावर अक्रोडाच्या तेलाचा एक पातळ थर दिला, वर हवा कोंडली आणि ती हवा किती कमी होते हे पाऱ्याच्या नळीवर पाहत बसला. आठ महिने जवळजवळ काही घडले नाही. तेलाने स्वतःच्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट हवा घेतली. आणि मग अचानक, पुढच्या दहा दिवसांत, साठपट! त्यानंतर वेग मंदावत गेला आणि आणखी तीन महिन्यांनी एकूण बेरीज १४५ पटींवर थांबली. आठ महिने रोज नळी बघणाऱ्या त्या माणसाच्या चिकाटीचे मला फार कौतुक वाटते. आमच्या वेळी विद्यार्थ्याला दोन तास उपकरणापाशी बसवले तरी तो चहाला पळायचा.

आठ महिन्यांची ती शांतता आणि नंतरचा तो भडका, यातच सगळे मर्म आहे. स्वीडनच्या बर्झेलियसने हे वाचले आणि त्याला कापडगिरण्या आठवल्या. तिथे जवसाचे तेल लावलेल्या लोकरीचे ढीग कुणी काडी न लावता पेट घेत. तेल हवा पिताना उष्णता सोडते, ती ढिगात कोंडते आणि आग लागते, असे त्याने सुचवले. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी, हे आजही पॉलिशवाले जाणकार कारागीर सांगतात.

पण हे घडते कसे? त्याचे उत्तर मिळायला विसाव्या शतकाची चाळिशी उजाडावी लागली, आणि ते मिळाले रबराच्या अभ्यासातून. ब्रिटनमधल्या रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत फार्मर, बोलंड, गी ही मंडळी रबर का चिरते याचा शोध घेत होती. त्यांना दिसले ते थोडक्यात असे. तेलातल्या मेदाम्लांच्या लांब साखळीत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधला हायड्रोजन अणू अगदी ढिला बसलेला असतो. एखाद्या चोरट्या रेणूने तो उचलला, की ती जागा उघडी पडते. उघड्या जागी प्राणवायू येऊन चिकटतो, आणि हा नवा रेणू आता स्वतःच चोर बनून शेजाऱ्याचा हायड्रोजन उचलतो. शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. एका पाकिटमाराने शंभर पाकिटमार तयार करावेत तसा प्रकार. या चोरट्यांना आपण मुक्त मूलके किंवा फ्री रॅडिकल्स म्हणतो. तुपात दुहेरी बंध कमी, म्हणून ते टिकते. करडई आणि जवसाच्या तेलात जास्त, म्हणून ती लवकर बिघडतात.

आता थोडे मागे, पहिल्या महायुद्धात जाऊ. फोडणीचे तेल जास्त तापून धूर निघाला की डोळे चुरचुरतात, ठसका लागतो. त्या धुरात अॅक्रोलिन नावाचा पदार्थ असतो. फ्रेंच सैन्याने तो युद्धात विषारी वायू म्हणून वापरला. अडचण एवढीच, की साठवून ठेवले की ते काही दिवसांत रेझिनसारखे घट्ट होऊन निकामी व्हायचे. चार्ल्स मूरू आणि चार्ल्स द्युफ्रेस या रसायनशास्त्रज्ञांवर ते टिकवण्याची जबाबदारी पडली. हायड्रोक्विनोनसारखा पदार्थ अगदी चिमूटभर घातला तर अॅक्रोलिन टिकते, असे त्यांना आढळले. युद्ध संपल्यावर त्यांनी हा धागा धरून ठेवला आणि दाखवून दिले, की असे पदार्थ प्राणवायूशी होणारी क्रियाच रोखून धरतात. आज आपण ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतो त्यांचा पद्धतशीर अभ्यास असा सुरू झाला. 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द आज क्रीमच्या डबीवर, चहाच्या पाकिटावर सौम्य आणि सात्त्विक चेहऱ्याने बसलेला दिसतो, तेव्हा मला त्याचे हे रणांगणावरचे बारसे आठवते. तुमच्या घरातल्या रिफाइंड तेलाच्या पिशवीवर बारीक अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट ३१९' असे छापलेले असेल, तर तो त्याच हायड्रोक्विनोनच्या घराण्यातला पदार्थ आहे. तो तेलासाठी घातलेला असतो, तुमच्यासाठी नव्हे.

त्याच सुमारास, १९२२ साली, कॅलिफोर्नियात बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप उंदरांना डुकराची चरबी, दुधातले प्रथिन आणि पिष्ट असा मोजूनमापून केलेला आहार देत होते. उंदीर दिसायला धडधाकट. माद्यांना गर्भ राहायचा, पण तो पोटातच विरून जायचा. आहारात लेट्यूसची पाने घातली आणि पिले जन्माला आली. मग तोच गुण गव्हाच्या अंकुराच्या तेलात सापडला. अ, ब, क, ड ही अक्षरे घेतली गेली होती, म्हणून या नव्या घटकाला ई मिळाले. १९३६ मध्ये तो शुद्ध स्वरूपात हाती आला, तेव्हा इव्हान्सने विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांना नाव सुचवायला सांगितले. त्यांनी 'अपत्यजन्म' आणि 'धारण करणे' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'टोकोफेरॉल' हे नाव दिले. आपल्याकडे ई जीवनसत्त्वाचा संबंध वंध्यत्वाशी जोडून जी औषधे खपली, त्याचे मूळ उंदराच्या या गोष्टीत आहे.

खवटपणाचा धागा मात्र दुसऱ्या एका गृहस्थाने पकडला. आयोवा विद्यापीठातल्या हेन्री मॅटिल यांच्या ध्यानात आले, की आहारातली चरबी खवट असेल तर तिच्यासोबत ई जीवनसत्त्वही नष्ट होते. मग उलटा प्रश्न विचारता येतो: हे जीवनसत्त्व स्वतः खर्ची पडून चरबीला वाचवते का? १९३१ मध्ये ऑल्कॉट आणि मॅटिल यांनी लेट्यूसच्या तेलातले खवटपणा रोखणारे घटक वेगळे काढले. पाकिटमाराला आपल्या खिशातले पैसे हसतमुखाने देऊन टाकणारा आणि नंतर दुसऱ्या कुणाच्या खिशात हात न घालणारा भला माणूस, असे ई जीवनसत्त्वाचे काम आहे. ते आपला हायड्रोजन देते, स्वतः मूलक होते, पण फार मंद, जवळजवळ निरुपद्रवी. १९७९ मध्ये पॅकर, स्लेटर आणि विल्सन यांनी प्रत्यक्ष मोजून दाखवले, की त्या रिकाम्या खिशाच्या ई जीवनसत्त्वाला क जीवनसत्त्व पुन्हा भरते करून देते. या 'जवळजवळ निरुपद्रवी'कडे आपण परत येणार आहोत.

हे सगळे तेलात ठीक. पण जिवंत शरीरातली चरबी खवट होते का? १९४५ मध्ये हेन्रिक डाम यांनी, म्हणजे के जीवनसत्त्वासाठी नोबेल मिळवणाऱ्या डॅनिश शास्त्रज्ञाने, ई जीवनसत्त्वाविना आणि कॉड माशाच्या तेलावर वाढवलेल्या प्राण्यांच्या शरीरातल्या चरबीत पेरॉक्साइडे सापडल्याचे दाखवले. म्हणजे डब्यात जे घडते तेच कातडीखाली घडत होते. माशांचा फार मोठा वाटा असलेल्या आहारावरच्या मांजरांत आणि फरसाठी पाळलेल्या मिंकांत चरबी पिवळी पडून सुजते, तोही याच जातीचा आजार. विद्यार्थिदशेत मी हे वाचले तेव्हा अंगावर काटा आला होता. आईचे नाक एकदम शरीराच्या आत जाऊन पोहोचले होते.

पुढची पायरी सिद्धान्ताची. डेनम हार्मन हा मूळचा तेल कंपनीतला रसायनशास्त्रज्ञ, नंतर डॉक्टर झाला. १९५६ मध्ये त्याने मांडले, की वार्धक्य म्हणजे आयुष्यभर मुक्त मूलकांनी केलेल्या नासधुशीची बेरीज. सुरुवातीला कुणी फारसे लक्ष दिले नाही. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना आपल्या पेशींत अशा एका मूलकाचा निचरा करणारे विकर सापडले आणि वारे फिरले. शरीराने बंदोबस्त ठेवला आहे, म्हणजे चोर असलाच पाहिजे! हार्मन स्वतः ९८ वर्षे जगला, २०१४ मध्ये वारला. एका माणसाच्या वयावरून सिद्धान्त खरा ठरत नाही, हे मी वर्गात सांगायची आणि मुले हसायची.

ऐंशीच्या दशकात मीही या कामात होते, अगदी लहानशी हमाल म्हणून. रक्तातला खवटपणा मोजायची आमची चाचणी सोपी होती. नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालायचे, उकळत्या पाण्यात ठेवायचे, गुलाबी रंग आला की तो यंत्रावर मोजायचा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या नळ्या जास्त गुलाबी येत. मधुमेह्यांच्या जास्त गुलाबी. हृदयरोग्यांच्या जास्त गुलाबी. ज्या आजाराच्या मागे लागावे त्यात गुलाबी! या चाचणीत मेदाव्यतिरिक्त इतर पदार्थही तसाच रंग देतात, आणि आजारामुळे खवटपणा की खवटपणामुळे आजार हे त्या रंगावरून कळत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. पण गुलाबी रंगाची एक झिंग असते.

तशात १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या डॅनियल स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांचा प्रसिद्ध निबंध आला. त्या सहकाऱ्यांत संपत पार्थसारथी हे भारतीय नाव होते, याचा आम्हाला अभिमान. त्यांचे म्हणणे असे: रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल नुसते वाढून धमनी बुजत नाही. ते कण धमनीच्या भिंतीत अडकून खवट होतात. खवट झालेला कण पांढऱ्या पेशी अधाशासारख्या गिळतात, फुगून फेसाळ होतात आणि तिथे गाठ धरते. सशांवरच्या प्रयोगांत त्याला आधारही मिळाला. एवढे सुंदर जुळले होते सगळे. शेवटी १९९३ मध्ये एकाच अंकात दोन अमेरिकी पाहण्या छापून आल्या. एकीत ८७ हजारांवर परिचारिका, दुसरीत जवळजवळ ४० हजार पुरुष आरोग्य व्यावसायिक. ई जीवनसत्त्व जास्त घेणाऱ्यांत हृदयविकार सुमारे एकतृतीयांशाने कमी.

दादाला १९९१ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. एस.टी.त हिशेबनीस, स्वभाव मिस्कील, सिगारेट दिवसाला दहा-बारा. १९९३च्या दिवाळीत भाऊबीजेला मी त्याला हिरव्या कॅप्सूलच्या पट्ट्या दिल्या. "ओवाळणी मी घालायची का तू?" म्हणून तो हसला. मी त्याला सोस्यूर, उंदीर, फेसाळ पेशी असे सगळे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे आपण आतून खवट होतो म्हण की!" वहिनी म्हणाल्या, "ते तर मी लग्नापासून सांगतेय."

पाच महिन्यांनी, एप्रिल १९९४ मध्ये, फिनलंडचा निकाल आला. त्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आधीच्या पाहण्यांत लोक आपापल्या मर्जीने गोळ्या घेत होते. आपणहून जीवनसत्त्वे घेणारा माणूस बहुधा फिरायलाही जातो, भाज्याही खातो, सिगारेटही कमी ओढतो. श्रेय गोळीचे की माणसाचे, ते वेगळे काढणे कठीण. फिनलंडने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर दुसरा मार्ग घेतला. ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष, सगळे धूम्रपान करणारे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट पाडले. कुणाला ई जीवनसत्त्व, कुणाला बीटा कॅरोटीन म्हणजे गाजरातले रंगद्रव्य, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती दिसायला तशीच असलेली कॅप्सूल. कोण काय घेतो हे ना त्याला माहीत, ना डॉक्टरला. पाच ते आठ वर्षे हे चालले. फुप्फुसाचा कर्करोग किती घटतो, एवढेच पाहायचे होते.

बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. एकूण मृत्यू ८ टक्क्यांनी जास्त. ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाच्या कर्करोगात फरक नाही, मेंदूतल्या रक्तस्रावाचे मृत्यू मात्र काहीसे अधिक.

मी तो निबंध महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उभ्याउभ्याच वाचला. आणि मी काय केले असेल? मी कारणे शोधली. फिनलंडचे लोक चाळीस-चाळीस वर्षे सिगारेटी ओढलेले, त्यांना फार उशिरा दिले. ई जीवनसत्त्वाचा डोस फक्त ५० मिलिग्रॅम, फारच कमी. एखादा निकाल योगायोगानेही येतो. ही कारणे माझ्या एकटीची नव्हती, जगभरचे मोठमोठे लोक तेव्हा हेच बोलत होते. पण त्यांच्यापैकी कुणाचा भाऊ दिवसाला दहा सिगारेटी ओढत नसावा. १९९५ मध्ये दादाची बायपास झाली, तेव्हा बाजारात नव्या मिश्र कॅप्सूल आल्या होत्या. ई, क, बीटा कॅरोटीन, सेलेनियम, सगळे एकात. मी दादाला त्याच सुरू करून दिल्या. धूम्रपान करणाऱ्या माणसाला बीटा कॅरोटीन, फिनलंडचा निबंध वाचलेल्या बहिणीने.

त्याहून वाईट गोष्ट मला वर्षभराने कळली. बायपासनंतर सोडलेली सिगारेट दादाने पुन्हा धरली होती. मी रागावले तर म्हणाला, "अगं, तुझी कॅप्सूल घेतो की रोज. एक दिवस चुकवत नाही. ती खवटपणा धुते ना?" हे शब्द माझेच होते. आणि पेन्शनीत बसत नाही म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी तो एक दिवसाआड घेत होता. कॅप्सूल मात्र रोज, कारण ती बहिणीने दिलेली.

जानेवारी १९९६ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटलची चाचणी ठरलेल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. १८,३१४ माणसे, धूम्रपान करणारी, सोडलेली आणि अॅस्बेस्टॉसच्या कामातली. बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी जास्त, मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त. आता योगायोग म्हणायची सोय उरली नाही. मी दादाची मिश्र कॅप्सूल बंद केली. नुसते ई जीवनसत्त्व मात्र चालू ठेवले, कारण त्याच वर्षी केंब्रिजच्या दोन हजार हृदयरुग्णांच्या चाचणीत त्याने झटके कमी झाल्याचे आले होते. मृत्यू कमी झाले नव्हते, तो परिच्छेद मी भरभर वाचला असणार.

नंतरच्या मोठ्या चाचण्यांची यादी मी लांबवत नाही. सन २००० मध्ये सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखालच्या चाचणीत साडेनऊ हजार जणांना ई जीवनसत्त्वाचा काही उपयोग दिसला नाही. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या २०,५३६ जणांना पाच वर्षे ई, क आणि बीटा कॅरोटीन एकत्र दिले. रक्तातली पातळी चांगली वाढली, फायदा शून्य. गंमत म्हणजे त्याच चाचणीत त्याच माणसांवर कोलेस्टेरॉल उतरवणारी साधी गोळीही तपासली जात होती आणि तिने झटके व मृत्यू दोन्ही कमी केले. दादा एक दिवसाआड घेत होता त्याच जातीची गोळी. २००७ मध्ये ६८ चाचण्या आणि २,३२,६०६ माणसे एकत्र धरून हिशेब मांडला गेला. काटेकोर चाचण्यांत अ, ई आणि बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत मृत्यू थोडे अधिकच निघाले, कमी नव्हे. २०११ मध्ये ३५ हजार पुरुषांच्या अमेरिकी चाचणीत ई जीवनसत्त्वाच्या गटात पुरुषांतल्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. अमेरिकेच्या प्रतिबंधक उपचारांच्या तज्ज्ञ समितीने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले, की हृदयविकार किंवा कर्करोग टाळण्यासाठी ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन घेऊ नये.

मग रसायनशास्त्र खोटे होते का? नाही. सोस्यूरचे तेल आजही तसेच हवा पिते. चूक मधल्या एका पायरीत होती, आणि ती पायरी कुणी तपासलीच नव्हती. कॅप्सूल घेतल्याने माणसाच्या शरीरातला खवटपणा खरोखर कमी होतो का? आमच्या गुलाबी नळीला हे नीट सांगता येत नव्हते. १९९० मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात मॉरो आणि रॉबर्ट्स यांना आयसोप्रोस्टेन नावाचे पदार्थ सापडले. हे मेद मुक्त मूलकांमुळे बिघडला की तयार होतात आणि लघवीत मोजता येतात. अखेर विश्वासू मापटे हाती आले. २००१ मध्ये गॅरेट फिट्झजेराल्ड यांच्या गटाने निरोगी माणसांना आठ आठवडे रोज २०० ते २००० एककांपर्यंत ई जीवनसत्त्व देऊन पाहिले. रक्तातले जीवनसत्त्व वाढले, मेदाचा बिघाड जिथल्या तिथे. २००७ मध्ये रॉबर्ट्स यांच्या गटाने कोलेस्टेरॉल जास्त असलेल्यांत पाहिले, तेव्हा बिघाड खरोखर उतरायला रोज १६०० एकके, तीही काही महिने, द्यावी लागली. बहुतेक मोठ्या चाचण्यांतले डोस चारशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणजे लाखो माणसांनी वर्षानुवर्षे जे औषध घेतले, ते बहुधा ज्या कामासाठी घेतले ते काम करतच नव्हते. आणि डोस चौपट करावा म्हटले तर रक्तस्रावाची भीती.

आता त्या 'जवळजवळ निरुपद्रवी'कडे येऊ. १९९२ मध्ये बाउरी, इंगोल्ड आणि स्टॉकर यांनी दाखवले, की कोलेस्टेरॉलच्या कणात अडकलेले ई जीवनसत्त्व, त्याला भरते करून देणारा साथीदार जवळ नसेल, तर स्वतःच साखळी पुढे नेते. भल्या माणसाचा खिसा रिकामा झाला आणि त्याला घरी पोहोचवणारे कुणी नसले, तर तोही शेवटी चोऱ्या करू लागतो. बीटा कॅरोटीनचे १९९९ मध्ये फेरेट या दिसायला मुंगसासारख्या प्राण्यांवर पाहिले गेले. सिगारेटच्या धुरात त्याचे तुकडे होतात आणि धुरासोबत मोठा डोस मिळालेल्या प्राण्यांच्या फुप्फुसात कर्करोगाआधीचे बदल दिसले. शिवाय मुक्त मूलके नुसती चोरटी नाहीत, शरीर त्यांचा निरोप्यासारखाही उपयोग करते. २००९ मध्ये जर्मनीतल्या येना येथे तरुणांना व्यायामासोबत क आणि ई जीवनसत्त्वे दिली, तर इन्शुलिन नीट वापरण्याची व्यायामाने येणारी क्षमताच त्यांच्यात आली नाही.

म्हणून ई जीवनसत्त्व टाकाऊ आहे असे कुणी समजू नये. ते मुळात कमीच असेल, जसे चरबी पचतच नाही अशा आजारांत किंवा एका विरळ आनुवंशिक दोषात, तर ते न मिळाल्याने चेतासंस्था कायमची बिघडते. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागी होणाऱ्या झिजेत ठरावीक मिश्रणाने आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे पाव हिश्शाने घटतो, हे २००१ मध्ये नीट चाचणीत दिसले. २०१३ नंतर त्या मिश्रणातून बीटा कॅरोटीन काढून ल्युटिन घालण्याकडे कल झाला, ते फिनलंडमुळेच. तेव्हा डोळ्यांच्या किंवा यकृताच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी माझे हे भाषण वाचून बंद करू नका.

दादा २००३च्या पावसाळ्यात गेला, हृदयविकारानेच. कॅप्सूलने गेला असे मी म्हणत नाही. एका माणसावरून तसे काहीच म्हणता येत नाही, हे तीस वर्षे वर्गात सांगितले आहे. सिगारेट होती, एक दिवसाआडची गोळी होती, आमच्या घराण्यात हृदयरोगही होता. पण 'ती खवटपणा धुते ना?' हे वाक्य माझे होते. दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी त्याच्या खणातल्या पट्ट्या मला आणून दिल्या आणि विचारले, "या कुणाला उपयोगी पडतील का हो, वन्सं?" मी म्हटले, "टाकून द्या." त्यांनी कारण विचारले नाही.

वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत. तेल घाण्यावरून आणतात, पण महिन्याचे एकदम आणत नाहीत. लहान बरणीत काठोकाठ भरतात, म्हणजे वर हवा राहत नाही, आणि बरणी खिडकीपासून दूर, अंधाऱ्या फडताळात ठेवतात. तळणीचे उरलेले तेल ताज्यात मिसळत नाहीत. दाण्याचे कूट आठवड्याचेच करतात. मी गेले की झाकण उघडून डबा माझ्या नाकापुढे धरतात आणि विचारतात, "बघा बरं."